अर्धा गोठा

३ तारीख, सोमवार

दुपारी ताईकडे पोचलो. ही डायरी ऑफिसात दरवर्षी फुकट वाटतात त्यातली. बायकोने बॅगेत कोंबली आणि म्हणाली, "तिकडे बोलायला गायीच असतील, तर निदान लिहा तरी." मी बोलायला लागलो की थांबत नाही आणि ऐकायला लागलो की लगेच थांबतो, असं तिचं माझ्याबद्दलचं जुनं मत आहे. असो.

ताईने गोठा बंद करायचा ठरवलाय. चौदा गायी वीस तारखेला ट्रकमध्ये चढणार आणि टेकड्यांपलीकडच्या एका दूधवाल्याकडे जाणार. ताई आमच्या घरी राहायला येणार. मी रजा काढून आवराआवरीला आलोय. बाबा गेल्यापासून एकोणीस वर्षं तिने हा पसारा एकटीने ओढला. आता अचानक का, असं विचारलं तर म्हणाली, "गायी पाणी पीत नाहीत रे. चार महिने झाले. पाणी नाही तर दूध कुठून येणार? आणि मलाही आता साठ होतील. झालं एवढं पुरे."

हे बोलता बोलता तिच्या हातातून कप निसटला आणि फुटला. क्षणभर ती तुकड्यांकडे बघतच राहिली. मग हसली. "बघ, म्हातारी झाले म्हणते ते काय खोटं?"

ती मला अजून ठोकळ्या म्हणते. लहानपणी लाकडी ठोकळे रचत बसायचो म्हणून. पोटासाठी आजही तेच करतो म्हणा. एखादी वस्तू घ्यायची, कॉम्प्युटरवर तिचे लाखो बारीक ठोकळे करायचे आणि तिच्यातून वीज कशी वाहील ते शोधायचं. पंचवीस वर्षं झाली. याचा लोक पगार देतात, याचं मला अजून नवल वाटतं.

४ तारीख, मंगळवार

गोठा तसाच आहे. बाबांनी बांधला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. लांबट इमारत, मधोमध रस्ता, दोन बाजूंना दोन दावणी, एकेका दावणीला सात गायी, तोंडं भिंतीकडे. भिंतीलगत प्रत्येक दावणीपुढे एक लांबच लांब लोखंडी डोण, पाणी प्यायला. मधल्या रस्त्यावर घडी घातली तर एक बाजू दुसरीवर तंतोतंत बसेल. बाबांना असं नीटनेटकं आवडायचं.

डाव्या दावणीच्या अगदी टोकाला पुढारीण उभी असते. थोराड गाय. चरायला निघाल्या की सगळ्यांच्या पुढे, म्हणून हे नाव. आज तिची मजा बघितली. डोणीशी नाक नेलं, पाण्याला ओठ लावले न लावले, झटक्यात मान मागे. परत नेलं, परत मागे. मग माझ्याकडे असं रोखून बघितलं, जणू पाण्यात मीच काहीतरी कालवलंय. तेवढ्यात ताई त्याच नळाचं पाणी प्लास्टिकच्या बादलीत घेऊन आली. पुढारीण घटाघटा प्याली. डाव्या दावणीला ताई रोज अशा बादल्या वाहते. मी म्हटलं, "लाडावून ठेवलंयस तू त्यांना. हाताने भरवतेस, मग डोणीला कशाला तोंड लावतील?"

ताई डोणीवर वाकली. डोणीतलं शेवाळ घासायला लागली. मध्येच हात बाहेर काढून झटकला आणि पदराला पुसला. पाणी गार असणार.

दाराशी काळा फळा आहे. रोज कुठल्या गायीने किती दूध दिलं ते ती खडूने लिहिते. मी तळाची बेरीज बघितली. चार महिन्यांत बरीच उतरली आहे.

अजून एक गंमत. सकाळी ओट्यावर उभी राहून ताई स्वेटरची सहाही बटणं लावते, मग सगळी काढते, परत सगळी लावते. थंडी आहे की नाही हेच तिचं ठरत नसावं. निर्णय घ्यायला ती पहिल्यापासून सावकाशच.

६ तारीख, गुरुवार

गुरांचे डॉक्टर येऊन गेले. गायी ठणठणीत आहेत म्हणाले. पाण्याची तपासणी झाली, तेही चांगलं. "माझ्या पुस्तकात आता पान उरलेलं नाही," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मी ताईला विचारलं, चार महिन्यांपूर्वी नवीन काय झालं? तर पंप. जुना जळला म्हणून नवा बसवला, गोठ्याच्या पुढच्या दाराबाहेर, बरोबर मध्यावर. माझे कान टवकारले. वायरमनला बोलावून घेतलं. बोलका माणूस. म्हणाला, "साहेब, विजेचं म्हणाल तर मी टेस्टर लावून बघितलाय. डोणीला लावला, दिवा लागत नाही. पंपाला लावला, लागत नाही." त्याच्याकडे तारेभोवती लावायचा चिमटा होता. त्याने पंपाच्या अर्थिंगची तार मोजली, तर तिच्यातून एका अँपिअरपेक्षा जरा कमी वीज जमिनीत जाते आहे. म्हणजे मोटर आतून गळते आहे. पण तेवढी गळती जमीन सहज पोटात घेते.

"अर्थिंगचा रॉड नीट ठोकलाय ना?" मी विचारलं.

"म्हणजे काय! एक दगड लागला होता मध्ये, म्हणून जरा तिरका घातला. पण गेलाय पूर्ण आत."

शिवाय एक गोष्ट विजेच्या विरोधात जाते. डाव्या दावणीची पंपाजवळची पहिली गाय आहे, मास्तरीण, ती फारशी कुरकुर न करता पाणी पिते. विजेचा दोष असता तर आधी तिने तोंड फिरवलं असतं. तरी पण मी गणित करून बघणार आहे. लॅपटॉप आणलाच आहे आणि डोक्याला किडा लागलाय.

७ तारीख, शुक्रवार

दिवसभर मॉडेल. ताईने विचारलं, नक्की काय करतोस? समजावून सांगितलं. ते इथेही लिहितो, कारण सांगता सांगता मलाच पुन्हा नव्याने भारी वाटलं.

आपण एखाद्या जागेतली वीज शोधतो तेव्हा आतलं काहीच सांगायचं नसतं. फक्त काठ सांगायचे. हा रॉड, इथून एवढी वीज आत शिरते. ही दूरची जमीन, इथे विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, शून्य. ही कोरडी भिंत, हिच्यातून काही आरपार जाणार नाही. बस. एवढं सांगितलं की आतल्या कणाकणाला किती दाब असणार ते ठरूनच जातं. एकच उत्तर, दुसरं असूच शकत नाही. चौघींनी चादर चार कोपऱ्यांना धरली की मधला झोळ कसा पडणार ते चादरीला कुणी शिकवावं लागत नाही, तसं. पंचवीस वर्षांत हजारो वेळा हे बघितलं. तरी स्क्रीनवर रंग उमटायला लागले की मी श्वास धरून बसतो. आमच्या ऑफिसात या काठांना सीमा-अटी म्हणतात. मला विचाराल तर सगळं जग त्यातच आलं.

ताई म्हणाली, "म्हणजे काठ चुकला तर?"

"तर आतलं सगळं चुकतं. पण ते चुकलेलं दिसतही तितकंच सुंदर." मी फुशारकीने म्हणालो.

वेळ वाचवायला मी अर्धाच गोठा घेतलाय. दोन्ही बाजू सारख्या, पंप मध्यावर, मग दोन्ही कशाला मोजायच्या? मधल्या रस्त्यावर उभा काप घ्यायचा आणि कापावर अट लिहायची, इथून प्रवाह पलीकडे जाणार नाही. आरशासारखं. उजवी बाजू मोकळी असल्याने तिची मापं घेतली.

"पण पीत नाहीत त्या डावीकडच्या," ताई म्हणाली.

"अगं, एकीचं उत्तर तेच दुसरीचं."

"डोणीला नुसता हात लावून बघ ना एकदा. पंप चालू असताना."

हसू आलं मला. पंचवीस वर्षं हे काम करणारा माणूस आता हात लावून वीज बघणार! मी म्हटलं, "हाताचं काम गणिताने करता यावं म्हणून तर माझा पगार आहे, ताई."

९ तारीख, रविवार

ताईसाठी शहरातून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले होते, ते द्यायचेच विसरलो होतो. तिचे जुने तळाशी फाटलेत, आत पाणी शिरतं. आज नवे घालून ती गोठ्यात गेली. आल्यापासून पहिल्यांदा तिला इतकं खुशीत बघितलं. डोण घासताना चक्क गुणगुणत होती. परत येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "आजचा दिवस चांगला गेला हं." मी म्हटलं, बूट आवडले वाटतं. "बुटांचं काय घेऊन बसलास," म्हणाली.

बायकोचा फोन आला. ताईची खोली तयार आहे, नवे पडदे लावलेत. मग जरा थांबून म्हणाली, "अहो, वन्सं फोन खांद्याने धरून बोलतात का? आवाज सारखा लांब जातो. पूर्वी असं नव्हतं."

"काम करता करता बोलते ती."

"तुम्ही बघा जरा त्यांच्याकडे."

बघतोच आहे की. दिवसभर दुसरं काय करतोय?

११ तारीख, मंगळवार

ताईने नवे बूट काढून ठेवले. अंगठ्याला लागतात म्हणे. परत तेच फाटके, आणि चेहराही परत तोच. मी म्हटलं, "परवा तर बरी होतीस." म्हणाली, "असतात मध्येमध्ये चांगले दिवस. बाबांचेही असायचे."

मॉडेल पूर्ण झालं. उत्तर स्वच्छ आहे. गायीच्या तोंडापासून खुरांपर्यंत जास्तीत जास्त पाव व्होल्ट. साधारण एक व्होल्टच्या पुढे गायीला जाणवायला लागतं, असं मी वाचलंय. म्हणजे वीज निर्दोष. चित्र इतकं देखणं आलं की ताईला बोलावून दाखवलं. पंपापासून निघालेले रंगीत कमानीसारखे पट्टे, दूर जाता जाता निवळत गेलेले.

ताई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे नक्की वीज नाही."

"नक्की."

"माणसालासुद्धा काही जाणवणार नाही?"

"माणसाला? छे! कुणी म्हणालाच की मला जाणवतं, तर ते मनाचे खेळ, नाहीतर शिरांचं दुखणं. डॉक्टर गाठावा त्याने."

"बरं झालं बाई, समजलं," ती म्हणाली. पदर खोचला आणि आत गेली. थोड्या वेळाने तिचा फोनवर बोलण्याचा आवाज आला. ट्रक वीसऐवजी अठराला येईल का, असं ती विचारत होती. दूधवाला हो म्हणाला.

मला वाटलं होतं, एक शंका फिटली म्हणून तिला बरं वाटेल.

१२ तारीख, बुधवार

बाबांची पेटी उघडली. त्यांचे सदरे अजून घडी करून ठेवलेत ताईने. एकालाही बटण नाही, सगळ्यांना दाबून बंद करायच्या चिकटपट्ट्या लावलेल्या. शेवटची चार वर्षं त्यांना बटण लावता येत नसे. आधी बोटांना मुंग्या, मग बोटं बधिर, मग हातच गेले. धार काढायचा माणूस तो. मी तेव्हा नोकरीत नवा, महिन्यातून एकदा यायचो. सगळं ताईने केलं. चमच्याने भरवण्यापर्यंत.

मी म्हटलं, हे सदरे आता कशाला? ताईने माझ्या हातातून काढून घेतले. "राहू देत," म्हणाली, "लागतील." कुणाला लागणार हे मी विचारलं नाही. आवरायला घेतलं की माणूस जुन्या वस्तूंना चिकटतो.

१४ तारीख, शुक्रवार

आज जे झालं ते सावकाश लिहितो.

फळा उतरवायचा होता. पुसण्याआधी आठवण म्हणून आकडे वहीत उतरवून घ्यावे म्हटलं. अकरा दिवस मी त्या फळ्यासमोरून जातोय आणि तळाची बेरीज तेवढी बघतोय. आज पहिल्यांदा एकेका गायीचा आकडा लिहिला. ताईने दोन रांगा केल्यात, डावी दावण आणि उजवी दावण, गायी उभ्या असतात त्याच क्रमाने. पंप बसायच्या आधीचे आकडे वर, आत्ताचे खाली.

उजव्या रांगेत काहीही फरक नाही. सातही गायी जशा होत्या तशा.

डाव्या रांगेत पहिली मास्तरीण, तिचं दूध जेमतेम उतरलंय. दुसरीचं थोडं जास्त. तिसरीचं त्याहून जास्त. असं एकेक पायरी उतरत थेट पुढारणीपर्यंत, तिचं निम्म्यावर आलंय. सातही आकडे एका गुळगुळीत वाकलेल्या रेषेवर. आजाराने अशी रेष पडत नाही. हट्टाने पडत नाही. अशी रेष मी आयुष्यभर फक्त एकाच ठिकाणी बघत आलोय.

मी खाली बसलो. दोन बाजू सारख्या नाहीत. आणि मी मधोमध कापून लिहिलं होतं, इथून पलीकडे काही जाणार नाही.

ताई शेण काढत होती. ओरडलोच, "ताई, डावीकडे जमिनीत काय आहे?"

"कुठे?"

"डावीकडे! पंप ते डोण! काय पुरलंय?"

"ती नाही का बाबांची नळी," ती शांतपणे म्हणाली. "जुन्या विहिरीवरून डोणीला पाणी आणलं होतं ती. लोखंडाची. विहीर बुजवली, नळी राहिली तशीच."

"गोठ्याच्या नकाशात नाही ती!"

"बाबांनी कधी कुणाला विचारून नळी घातली होती का?"

वायरमनचा दगड. तो दगड नव्हता.

१५ तारीख, शनिवार

पूर्ण गोठा घेतला. दोन्ही दावणी, दोन्ही डोणी, बाबांची नळी रॉडला टेकलेली. मधला काप नाही, आरसा नाही. दुपारी तीनला उत्तर आलं.

उजवीकडे तेच सौम्य पट्टे. डावीकडे मात्र वीज नळीतून सरळ डोणीत शिरलेली, सगळी डोण या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच दाबाला. आणि जमीन? पंपाजवळची जमीनही वर उचललेली, म्हणून तिथे डोण आणि जमीन यांच्यात फरक थोडा. जसजसं पंपापासून लांब जावं तसतशी जमीन शून्याकडे उतरते, डोण मात्र तिथेच. म्हणून सर्वांत लांब उभ्या गायीला सर्वांत मोठा झटका. मास्तरणीला दीड व्होल्ट. पुढारणीला चार. आम्ही सगळे शहाणे पंपाजवळ शोधत होतो.

मग फळ्यावरचे सात आकडे काढले आणि माझ्या सात आकड्यांशेजारी मांडले. जिथे दाब जास्त तिथे दूध कमी, त्याच प्रमाणात. सातही ठिकाणी. एकही गाय चुकलेली नाही.

चार महिने या मुक्या जनावरांनी ओठ आणि खूर टेकवून एक न दिसणारी गोष्ट मोजली आणि ताईने ती रोज खडूने लिहून ठेवली. मी लॅपटॉपवर जे चित्र काढतो ते दाराशी टांगलेलंच होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की ही चित्रं माझ्या मशीनमध्ये तयार होतात. ती आधीच असतात. पायाखाली, ओल्या फरशीत, पाण्यात. गोठ्यात जाऊन पुढारणीच्या गळ्यावर हात ठेवला आणि तिची माफी मागितली. कुणी बघत नव्हतं म्हणून लिहितोय.

ताईला सांगितलं. म्हटलं, चूक माझी, मी अर्धाच गोठा घेतला. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं तिला समजलंच नाही.

"म्हणजे आहे वीज?" ती म्हणाली.

"आहे. चार व्होल्ट. गायींना चांगलीच लागत असणार."

"गायींना," ती म्हणाली.

ट्रक परवा नाही, तेरवा येणार. मी म्हटलं, त्याला नको म्हणून सांग. ती म्हणाली, "आधी दुरुस्त होऊ दे. मग बघू. आधी मला बघू दे."

१७ तारीख, सोमवार

काल वायरमन सुट्टीवर, म्हणून आज. त्याचा मीटर घेऊन आधी मोजलं. पुढारणीच्या जागी डोण ते ओली फरशी, माझं उत्तर चार पूर्णांक एक, मीटरवर तीन पूर्णांक नऊ. वायरमनने एकदा मीटरकडे आणि एकदा माझ्या लॅपटॉपकडे बघून कानाला हात लावले.

मग खणलं. दोन हात खाली बाबांची नळी, आणि तिच्यावर तिरका रेललेला रॉड. जिथे टेकला होता तिथे गंज खरवडून लोखंड चकाकत होतं. वायरमन ओशाळला. मीही कमी ओशाळलो नव्हतो. नळी कापली. रॉड दुसरीकडे ठोकला. मोटर उघडून आतलं ओल धरलेलं तारेचं वेटोळं बदलेपर्यंत चार वाजले.

पंप चालू केला. पुढारणीने डोणीशी नाक नेलं. थांबली. ओठ टेकवले. आम्ही दोघं श्वास धरून. आणि मग ती प्याली. मान वर न काढता, शेपूट हलवत, इतकी की पोटात पाण्याचा आवाज ऐकू आला. शेजारची प्यायला लागली, मग तिच्या शेजारची. मला रडू आवरेना. वायरमनने टाळी दिली.

ताईचं मात्र गायीकडे लक्षच नव्हतं. तिने फाटक्या बुटांनी ओल्या फरशीवर पाय रोवले, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत डोणीत घातले. तशीच उभी राहिली. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली.

"पंप चालू आहे ना?" तिने विचारलं.

"चालू आहे. ऐकू येत नाही का?"

"बंद कर आणि परत चालू कर."

केलं. ती हात पाण्यातच ठेवून उभी. बोटं उघडत होती, मिटत होती. मग डोणीच्या काठावर टेकली आणि एकदम रडायला लागली, तोंडाला ओला हात लावून. मला वाटलं, गोठा वाचला म्हणून.

"ठोकळ्या," ती म्हणाली, "मुंग्या येत नाहीत रे."

"कसल्या मुंग्या?"

"रोज येत होत्या. सकाळ-संध्याकाळ डोण घासताना. बोटांपासून पार कोपरापर्यंत. बाबांना असंच सुरू झालं होतं."

वायरमन गुपचूप बाहेर गेला. मी तिच्याशेजारी काठावर बसलो.

"डॉक्टरकडे का नाही गेलीस?"

"गेले असते तर नाव कळलं असतं. मी चार वर्षं बाबांना भरवलंय. मला भरवायला कोण आहे इथे? हात जायच्या आधी गायी चांगल्या घरी लावून द्याव्या, एवढंच डोक्यात होतं. तुला सांगितलं असतं तर तुम्ही दोघं धावत आला असता. सांगणारही होते एकदा. मग तूच म्हणालास, माणसाला कळत नाही, शिरांचं असेल म्हणून."

मी म्हणालो होतो. देखणं चित्र दाखवून म्हणालो होतो.

डायरीची मागची पानं चाळली. कप, फोन, नव्या रबरी बुटांतला तो चांगला दिवस, झटकलेला हात, हात लावून बघ ना. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, तारीखवार. चौदा गायींचे छप्पन्न पाय मी मॉडेलमध्ये धरले होते. ज्या दोन हातांनी मला वाढवलं ते धरायचे राहिले.

बायकोला फोन करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पडदे काढत नाही. वन्संना म्हणावं, नुसत्या राहायला या, चार दिवस."

१८ तारीख, मंगळवार

ट्रक आला नाही. ताईने कालच कळवलं. दूधवाला जरा चिडला म्हणे, मग हसला.

तरीही हात एकदा डॉक्टरांना दाखवायचेच, असं मी म्हटलं. "जाऊ की," ताई म्हणाली, "आता काय, आता कुठेही जाऊ." गुरुवारची वेळ घेतली आहे. रजा वाढवली. बाबांचे सदरे तिने स्वतःच बाहेर काढले, गायींची अंगं पुसायला कापड हवंच होतं म्हणून.

सकाळी पुढारणीने फरशीवर खूर आपटले, पाणी यायला उशीर झाला म्हणून. बाहेर कडक थंडी होती. ताई ओट्यावर उभी राहिली. स्वेटरची बटणं खालून वर लावत गेली, पंपाच्या आवाजाकडे कान देत, दुसऱ्याच कसल्या तरी विचारात. सहावं लावलं आणि तशीच गोठ्याकडे चालायला लागली. मी खिडकीतून मोजत होतो. एकदाच लावली.